एकट्या वाटसरूने कोणावर विसंबावे?



दक्षिणेकडून मुंबई-गोवा महामार्गाने पायी येणारा मुसाफिर कशेडी घाट उतरून पोलादपुरात येतो आणि तेथून महाडकडे वळतो. २ जून २०२२ रोजी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातून शिहाब चोट्टूर हा तरुण हजसाठी पायी निघाला व २०२३ साली मक्केस पोहोचला. तेव्हापासून आमच्याकडील काही तरुणांनाही अशा प्रवासाची ओढ लागली आहे. अशाच एका तरुणाच्या आईने जुम्याच्या नमाजनंतर मला विचारले, "मौलाना, वाटेत कोणी परका माणूस घरी मुक्कामाला बोलावू लागला तर? हा म्हणतो, अल्लाहवर भरवसा आहे."

या उत्तरात दोन वेगळे भरवसे एकत्र मिसळले आहेत. अल्लाहवरील तवक्कुल निरपवाद असतो. माणसावरचा विश्वास मात्र पारखून ठेवायचा असतो. शिदोरीवाचून हजला निघणारे आणि स्वतःस तवक्कुल करणारे म्हणवणारे यमनचे लोक मक्केत येऊन हात पसरू लागले, तेव्हा सूरह बकराच्या १९७ व्या आयतीत शिदोरी बरोबर घेण्याची आज्ञा झाली. रात्री एकट्याने प्रवास करण्यातील धोक्याचा इशाराही प्रेषित (स.) यांनी दिला आहे.

मग पारख कशाने करावी? केवळ धर्माने नव्हे. हिजरतच्या वेळी प्रेषित (स.) व हजरत अबू बक्र (रजि.) यांनी अब्दुल्लाह बिन उरैकित याला वाटाड्या नेमले, तेव्हा तो कुरैशांच्याच धर्मावर होता. परंतु तो वाटांचा जाणकार होता आणि त्याच्या प्रामाणिकपणाची खात्री होती, म्हणून उंटिणी त्याच्या स्वाधीन केल्या गेल्या. पोलादपूरच्या एखाद्या वाडीत हिंदू घरातून पाण्याचा तांब्या पुढे आला, तर बिचकण्याचे कारण नाही.

आता हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचा प्रवास पाहा. पती मदिनेस गेलेले. माहेरच्यांनी त्यांना अडवून ठेवले आणि सासरच्यांनी मूल हिसकावून नेले. सुमारे वर्षभर त्या रोज अबतहच्या मैदानात जाऊन रडत असत. अखेर सुटका झाली, मूल परत मिळाले आणि त्या उंटावर बसून एकट्याच निघाल्या. (हा हिजरतचा निरुपाय होता, स्त्रीने एकटीने हजला जावे यासाठी तो दाखला नव्हे.) तनईमजवळ मक्केचेच उस्मान बिन तल्हा भेटले. त्यांनी तेव्हा इस्लाम स्वीकारलेला नव्हता. सोबत कोणी आहे का, असे त्यांनी विचारले. अल्लाह आणि हे बाळ, याखेरीज कोणी नाही, हे ऐकताच त्यांनी उंटाची दोरी हाती घेतली.

प्रत्येक मुक्कामावर ते उंट बसवीत आणि लांब जाऊन उभे राहत. त्या उतरल्या की उंटावरचे सामान काढून तो झाडाला बांधीत आणि स्वतः दूरच्या दुसऱ्या झाडाखाली पडत. निघण्याची वेळ झाली की उंट सज्ज करून आणीत, पुन्हा मागे सरत आणि त्यांना चढण्यास सांगत. कुबा दिसू लागले, तेव्हा तुमचे पती याच गावात आहेत असे सांगून ते आल्या वाटेने मक्केस परतले. पुढे ते मुसलमान झाले आणि मक्काविजयाच्या दिवशी प्रेषित (स.) यांनी काबागृहाची किल्ली त्यांच्याच हाती दिली.

ते किती वेळा मागे सरले, ते मोजून पाहा. मदत करणारा मनुष्य तुम्हाला चार लोकांदेखत मशिदीत नेत असेल, घरी फोन करण्यास सांगत असेल, तुमचा नकार हसून घेत असेल, तर त्याच्यासोबत जावे. जो घाई करतो, लोकांपासून बाजूला नेतो, पिशवी व कागदपत्रे आपल्याकडे ठेवू पाहतो, त्याला सलाम करून पुढे चालावे. यात बदगुमानीचा गुनाह नाही. त्याच्याविषयी वाईट न बोलताही नकार देता येतो.

त्या मातेला मी सांगितले की, मुलाने सोबती मिळेपर्यंत थांबावे. तिचा दुसरा प्रश्न मात्र आम्हालाच होता: दुसऱ्या कोणाचा मुलगा तुमच्या मशिदीत आला, तर तो कोठे निजतो? आमच्या मुसाफिरखान्याच्या दाराला कडी केवळ बाहेरून होती. त्याच आठवड्यात सुतार बोलावून आम्ही ती आतूनही बसवून घेतली.