फुकट आणि मुक्त

इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. ज्याला दाम पडत नाही ते 'फ्री' आणि ज्याला बंधन नाही तेही 'फ्री'. मराठीत या दोन अर्थांना 'फुकट' आणि 'मुक्त' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. भाषेने हा भेद आपल्या हाती आयताच दिला असताना मोबाईल वापरताना मात्र आपण तो विसरतो, असे मला वाटते. या भेदाच्या आधारे मुक्त सॉफ्टवेअर आणि विकेंद्रित समाजमाध्यमे यांचा थोडक्यात विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा विषय विज्ञान शाखेचा म्हणून आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी बाजूला सारू नये; कारण भाषा, लेखन आणि समाज हे तर आपलेच अभ्यासविषय आहेत.

मुक्त म्हणजे काय?

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची संहिता. ही मूळ संहिता अनेक कंपन्या गुप्त ठेवतात. ही प्रथा रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन तज्ज्ञास मान्य नव्हती. १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरता यावे, त्याची संहिता अभ्यासून बदलता यावी, त्याच्या प्रती इतरांना देता याव्यात आणि सुधारलेली आवृत्तीही वाटता यावी, ही चार स्वातंत्र्ये असतील तरच ते मुक्त, अशी या विचारसरणीची व्याख्या आहे. यात किमतीचा प्रश्न येतच नाही. मुक्त सॉफ्टवेअर विकताही येते. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स'चा गाभा लिहिला व जगभरच्या जाणकारांनी तो वाढविला. १९९८ पासून 'ओपन सोर्स' ही संज्ञा रूढ झाली.

हे सारे आपल्यापासून दूर आहे, असे मात्र नाही. अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सचाच गाभा असतो. चित्रपट पाहण्यासाठी आपण वापरतो तो व्हीएलसी हा पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाचे फळ आहे. मराठी विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, तेही मुक्तच. उलट व्हॉट्सअॅपसाठी आपण पैसे मोजत नाही. पण ते आतून कसे चालते हे आपणांस पाहता येत नाही, बदलणे तर दूरच. ते फुकट आहे, मुक्त नाही.

मराठी लेखनाचा प्रश्न

या भेदाची खरी झळ भाषेला लागते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या खास फॉन्टांत टंकलिखित होत असे. त्या फाइलीत वस्तुतः देवनागरी अक्षरे नसत. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसविलेली असत. तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे उमटतात. लेख आपला, भाषा आपली. पण वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात! आज युनिकोड आहे, 'लोहित' आणि 'मुक्ता' यांसारखे मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट आहेत आणि लिब्रेऑफिससारखे मुक्त साधन आहे. प्रस्तुत लेख मी त्यातच लिहिला. त्याच्या फाइलींची रचना खुल्या मानकाप्रमाणे असल्याने उद्या हे साधन राहिले नाही, तरी दुसऱ्या साधनात लेख उघडता येईल.

समाजमाध्यमांची मालकी

जे फाइलीचे, तेच समाजमाध्यमांवरील लेखनाचे. भारतात लोकप्रिय असलेले 'ऑर्कुट' ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. 'कू'वर मराठीतून लिहिता येत असे. तेही बंद होत असल्याची घोषणा जुलै २०२४ मध्ये झाली. मालकाने दुकान आवरले की आतल्या गप्पांनाही कुलूप लागते.

यावर एक उपाय म्हणजे विकेंद्रीकरण. एअरटेलचा ग्राहक जिओच्या ग्राहकाशी बोलू शकतो, कारण दोन्ही कंपन्या समान नियम पाळतात. 'मॅस्टोडॉन' याच तत्त्वावर चालते. जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी ते २०१६ मध्ये आणले. येथे एकच मालक नसून निरनिराळ्या संस्था व व्यक्ती आपापले सर्व्हर चालवितात आणि 'अॅक्टिव्हिटीपब' या समान नियमावलीमुळे, जी २०१८ मध्ये प्रमाणित झाली, एका सर्व्हरवरील सदस्य दुसऱ्यावरील सदस्याशी संवाद साधतो. एखादा सर्व्हर पसंत नसेल तर अनुयायांसह दुसरीकडे जाता येते. जुने लेखन मात्र आपोआप बरोबर जात नाही.

दुसरी बाजू

तथापि या व्यवस्थेचे दोषही पाहिले पाहिजेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरच्या खातेबंदीच्या निर्णयांवर नाराज होऊन अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. परंतु त्यांपैकी बरेच जण परत फिरले. कारण उघड आहे. ज्या बाजारात ओळखीची माणसे असतात, तिथेच माणूस जातो. शिवाय लहान सर्व्हर चालविणारा हौशी माणूस थकला की तो सर्व्हरही बंद पडू शकतो. संहिता खुली असली म्हणजे कोणीतरी ती वाचतेच, असेही नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या 'ओपनएसएसएल' या मुक्त सॉफ्टवेअरमधील गंभीर दोष सुमारे दोन वर्षे लपून राहिला व २०१४ मध्ये उघडकीस आला. त्या कामावर राबणारी माणसे मोजकी होती आणि वापरणारे असंख्य.

याचा अर्थ इतकाच की, मुक्ततेलाही खर्च असतो. फुकट वस्तूची किंमत आपण आपल्या माहितीने आणि परावलंबनाने चुकवितो. मुक्त वस्तूची किंमत श्रमाने चुकवावी लागते. ते श्रम संगणकतज्ज्ञांचेच असावेत, असे नाही. सॉफ्टवेअरच्या सूचना शुद्ध मराठीत आणणे, विकिपीडियावर आपल्या गावाची नोंद लिहिणे, जुन्या फॉन्टांतील लेख युनिकोडमध्ये उतरवून ठेवणे, ही कामे भाषेच्या विद्यार्थ्याइतकी चांगली कोण करील? आपल्या वार्षिकाचे अंक या रीतीने जतन झाले, तर पुढच्या पिढीतील वाचकाला ते वाचण्यासाठी कोणाकडे किल्ली मागावी लागणार नाही. व्हॉट्सअॅप उद्याच सोडून द्यावे, असा माझा आग्रह नाही. परंतु जे टिकावे असे आपणांस वाटते, ते तरी मुक्त जागी ठेवावे, एवढेच सुचवावेसे वाटते.