थंडी सरताना कॅमेरा घेऊन

भीमेच्या काठच्या आमच्या कोरड्या मुलखात थंडी एका दिवसात जात नाही. संक्रांतीनंतर दुपार तापायला लागते, पण पहाटेचा स्वेटर शिवरात्रीपर्यंत सुटत नाही. याच दिवसांत ज्वारी काढणीला येते, पानं गळून गेलेल्या काटेसावरीवर लाल फुलं फुटतात आणि उजनीचं पाणी मागं सरकू लागतं. उत्तरेकडून आलेले पक्षी परतीच्या तयारीला लागतात आणि इथले रहिवासी जोडीदार शोधायच्या. मी दौंडला राहते. एकीकडे भिगवण, दुसरीकडे सुप्याचा माळ, दोन्ही हाकेच्या अंतरावर. संक्रांत ते पाडवा हे दिवस मी बाकीची कामं मागं सारून या दोन जागांना देते. त्यातून जे उमगलं ते इथे मांडते.

१. एक जागा धरावी, ती सोडू नये

वाघासाठी ताडोबाला जाणाऱ्यांना मी नाही म्हणणार नाही, मीही जाते. पण ऋतू बदलताना टिपायचा असेल तर घराजवळचा एकच माळ किंवा एकच तळं निवडावं आणि तिथेच पुन्हा पुन्हा जावं. माझ्या माळाच्या कडेला कुंपणाचा एक दगडी खांब आहे. जानेवारीत त्यावर सायबेरियन गप्पीदास बसतो, शेपटी हलवतो, खाली झेप घेऊन किडा उचलतो आणि परत तिथेच येतो. मार्च सरता सरता गप्पीदास निघून जातो आणि त्याच खांबावर चंडोल गायला बसतो. दोन्ही फोटो एकेकटे पाहिले तर साधे आहेत. शेजारी ठेवले की काय बदललं ते सांगावं लागत नाही.

एकाच जागी जाण्याचा आणखी एक फायदा प्रकाशाचा. जानेवारीत सूर्य पूर्वेच्या बराच दक्षिणेला उगवतो, २१ मार्चच्या सुमारास बरोबर पूर्वेला येतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सातच्या आसपास होणारा सूर्योदय मार्चअखेरीस साडेसहाच्याही आत येतो. ज्या बाभळीवर जानेवारीत समोरून ऊन पडायचं, तिच्यावर मार्चमध्ये ते बाजूने पडतं. कुठे उभं राहायचं हे दर आठवड्याला नव्याने ठरवावं लागतं, आणि ते ओळखीच्या जागीच जमतं.

२. भिगवणला जायचं ते पाण्याची पातळी पाहून

उजनी धरणाचा फुगवटा भिगवण, कुंभारगाव, डिकसळपर्यंत पसरलेला आहे. पावसाळ्यानंतर तो तुडुंब असतो आणि तेव्हा रोहित पक्ष्यांना तिथे काही काम नसतं. त्यांना चोच उलटी धरून चिखल गाळता येईल असं उथळ पाणी लागतं. धरणातून शेतीला पाणी सुटतं, पातळी उतरते, गाळाच्या पट्ट्या उघड्या पडतात, मग रोहित उतरतात. पाऊस जोरदार झाला असेल त्या वर्षी ते उशिरा दिसतात. म्हणून ‘डिसेंबरच्या सुट्टीत जाऊ’ असा बेत करणाऱ्यांना मी आधी कुंभारगावच्या एखाद्या नावाड्याला फोन करायला सांगते. हे बहुतेक मच्छीमार आहेत. कुठला पक्षी कुठल्या पट्टीवर आहे आणि किती जवळ जाऊ देतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

नावेत बसल्यावर दादांना एवढंच सांगावं की थव्याच्या रोखाने सरळ नको, तिरकं आणि सावकाश न्या, आणि पक्ष्यांनी माना वर केल्या की थांबा. शेकडो रोहित एकदम उडाल्याचा फोटो सगळ्यांना हवा असतो. पण लांबच्या प्रवासाआधी अंगावर चरबी साठवणाऱ्या पाखरांना आपल्या फोटोपायी उठवणं मला पटत नाही. थांबलं की ती आपापल्या वेळेला उडतातच, आणि तेव्हा कॅमेऱ्याकडे पाठ करून पळत नसतात.

३. पाहुण्यांनी वेष बदलला का, ते बघावं

हा माझा सगळ्यात आवडता भाग. पक्ष्यांचे फोटो काढणारे बहुतेकजण हिवाळा म्हणजे डिसेंबर आणि जानेवारी धरतात. पक्षी नुकते आलेले असतात, हवा छान असते, हे खरं. पण त्या वेळी पुष्कळ पाहुणे आपल्या फिकट, थंडीच्या पिसाऱ्यात असतात. विणीचा रंग त्यांच्या अंगावर चढतो तो निघायच्या आधी, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटापासून पुढे.

तपकिरी डोक्याचा कुरव जानेवारीत जवळजवळ पांढऱ्या डोक्याचा असतो, डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका. मार्चमध्ये त्याच थव्यात काहींचं डोकं गडद तपकिरी होतं, काहींचं अर्धवट रंगलेलं असतं. पिवळा धोबी आधी मळकट, ऑलिव्ह रंगाचा, मग पोटाखाली हळदीसारखा उजळतो. मालगुजा मान आणि छातीवर विटकरी होत जातो. भोरडीची, म्हणजे पळस मैनेची गोष्ट वेगळी. तिला त्यासाठी नवी पिसं यावी लागत नाहीत. हिवाळ्यात तिच्या पिसांच्या कडा मळकट असतात, त्या झिजत जातात आणि खालचा गुलाबी व चकचकीत काळा रंग वर येतो.

इथला जांभळा शिंजीरही वेष बदलतो, पण नवी पिसं येऊन. विणीचा हंगाम सोडला तर नर मादीसारखाच पिवळट दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद रेघ असते. थंडी सरताना त्याच्या अंगावर जांभळ्या-निळ्या पिसांचे तुकडे उगवू लागतात. नवखे लोक अशा पक्ष्याला ‘खराब’ समजून सोडून देतात आणि पूर्ण रंगलेल्या नराची वाट बघतात. मी उलट करते. पूर्ण रंगलेला शिंजीर पुढे कित्येक महिने मिळेल, हा अर्धामुर्धा काही दिवसच दिसतो.

४. पक्ष्यामागे धावण्यापेक्षा फुललेल्या झाडाखाली बसावं

फेब्रुवारीत काटेसावर, तिच्या आगेमागे पांगारा, मग पळस. तिन्ही झाडं बहुतेक निष्पर्ण असताना फुलतात, त्यामुळे पक्षी पानाआड लपत नाहीत. सावरीच्या मोठ्या वाटीसारख्या फुलात भरपूर मध असतो. बुलबुल, कोतवाल, साळुंक्या, भोरड्या, शिंजीर, टकाचोर, कावळे सगळे तिथे येतात. चोच आणि कपाळ परागकणांनी पिवळं करून घेतात आणि ते पराग पुढच्या झाडावर नेतात. दुपारी तांबटाची टुकटुक सुरू झाली की मला झाड शोधावंही लागत नाही.

एक तांत्रिक गोष्ट इथे सांगायलाच हवी. पळसाच्या आणि सावरीच्या लाल-केशरी रंगात कॅमेरा फसतो. एकूण उजेडाचा आलेख ठीक दिसतो, पण लाल रंगाचा वेगळा आलेख उजव्या भिंतीला चिकटलेला असतो. त्या फुलाच्या पाकळ्या मग घरी संगणकावर एकसारख्या लाल डागासारख्या दिसतात, त्यातल्या शिरा परत आणता येत नाहीत. म्हणून तिन्ही रंगांचा आलेख बघायची सवय लावावी आणि उजेड पाऊण-एक स्टॉप कमी ठेवावा. कोतवाल किंवा शिंजीर उजळ आकाशासमोर बसला असेल तर नेमकं उलट: एक स्टॉप वाढवावा, नाहीतर काळी आकृती तेवढी हाती येते. फूल आणि काळा पक्षी एकत्र असतील तर मी फुलाला वाचवते. काळ्यातला तपशील रॉ फाइलमधून थोडाफार वर काढता येतो, उडालेला लाल येत नाही.

५. मार्चमध्ये नऊनंतर लांबचा नेम धरू नये

‘लेन्स खराब झाली का?’ हा प्रश्न मला मार्चमध्ये हमखास विचारला जातो. लेन्स ठणठणीत असते. तापलेल्या जमिनीवरची हवा हलत असते आणि तिच्यातून पाहिलेला चिंकारा किंवा धाविक कधीच रेखीव येत नाही. १/२००० चा वेग लावा, तिकाटणं लावा, काही उपयोग नाही. माळावर पोटावर पडून फोटो काढणं मला फार आवडतं, पण ऊन चढल्यावर जमिनीलगतच ही लहर सगळ्यात जास्त असते. त्यावर उपाय एवढाच की पहाटे जावं, आणि उशीर झाला तर जवळचं काहीतरी शोधावं: सरडा, फुलपाखरू, बिळाशी बसलेली घोरपड.

थंडीच्या पहाटे हीच अडचण गाडीतून येते. आतली ऊबदार हवा उघड्या काचेतून बाहेर पडते आणि लेन्सपुढेच थरथरते. काचा आधी उघडून गाडी गार होऊ द्यावी, इंजिन बंद ठेवावं, तापलेल्या बॉनेटवरून नेम धरू नये. काचेवर टेकायला मी मोहरी भरलेली पिशवी वापरते. हलकी तिकाटणी माळाच्या वाऱ्यात डोलतात, ही पिशवी डोलत नाही.

६. माळावर गाडीची चाकोरी सोडू नये

नकाशावर आमच्याकडचा गवताळ माळ पुष्कळदा पडीक जमीन म्हणून दाखवलेला असतो. बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं, १९९७ साली घोषित झालेलं, चिंकाऱ्यांसाठी ओळखलं जाणारं. त्याच्या बाहेरही मैलोन्‌मैल तसाच माळ आहे आणि तिथे फारसं कुंपण नाही. त्यामुळे गाडी कुठेही घालता येते, आणि लोक घालतात.

फेब्रुवारी संपताना डोंबारी चंडोलाचा नर आकाशात चढतो आणि पंख मिटून शिट्टी घालत खाली सूर मारतो. त्याचं घरटं ढेकळाच्या किंवा झुडपाच्या आडोशाला, थेट जमिनीवर. माळटिटवी आणि धाविक तर घरटं बांधतच नाहीत. खड्यांमध्ये अंडी असतात आणि ती खड्यांसारखीच दिसतात. चाकाखाली अंडं गेलं तर ड्रायव्हरला कळतसुद्धा नाही. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली तर फोटो न काढता आल्या पावली मागं फिरावं, पाय कुठे टाकतो ते बघत. वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सूफळला ठरलेल्या रस्त्यांवरून, गावातले मार्गदर्शक सोबत देऊन गवताळ सफारी सुरू केली, ती मला म्हणूनच मोलाची वाटते. गवताला जंगलाचा मान मिळाला आणि गावातल्या पोरांना रोजगार.

७. लांडग्याची आणि खोकडाची जागा कुणाला सांगू नये

याच दिवसांत लांडग्यांची पिल्लं गुहेच्या तोंडाशी खेळू लागतात आणि खोकडाची मादी बिळात व्यालेली असते. पिल्लांचे फोटो काळजाला भिडतात, त्यामुळे ते सगळ्यांना हवे असतात. एका रविवारी मी एका बिळाभोवती गाड्यांचं कोंडाळं पाहिलं. मादी लांबून बघत उभी होती, येऊ शकत नव्हती. असा त्रास झाला की ती पिल्लांना एकेक करून तोंडात धरून दुसरीकडे नेते. मोकळ्या माळावर, भटक्या कुत्र्यांच्या मधून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे संरक्षण वाघाएवढंच. पण माळावर रविवारी सकाळी कायदा उभा नसतो, आपणच असतो.

माळाची खरी माहिती धनगरांकडे. त्यांची मेंढरं लांडगा नेतो आणि तरी पुष्कळ धनगर त्याच्याबद्दल शेजाऱ्यासारखं बोलतात. ओळखीचे एक आबा मला वाटेतच थांबवून म्हणाले होते, ‘ताई, त्या वगळीकडं आता महिनाभर जाऊ नका. तिची बारकी हायत.’ मी गेले नाही. मला त्या वर्षी पिल्लांचा एकही फोटो मिळाला नाही आणि पुढे पावसाळ्यात त्याच बाजूला पाच लांडग्यांचा कळप चालताना दिसला.

फोटो टाकताना गावाचं नाव लिहू नये, तालुका पुरे. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप जातात, ते आधी काढून टाकावेत. मागे डोंगराचा ओळखू येणारा सुळका किंवा पवनचक्की असेल तर तो फोटो स्वतःपुरता ठेवावा. ‘फक्त तुलाच सांगते’ असंही कुणाला म्हणू नये.

८. आवाज वाजवून पक्षी बोलावू नये

विणीच्या तोंडावर मोबाइलवर आवाज लावला की नर धावून येतो, कारण त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर शिरला. तो भांडायला आलेला असतो. जी ताकद जोडीदारासाठी आणि घरट्यासाठी, ती आपल्या स्पीकरशी झुंजण्यात जाते. यावर मला याहून जास्त काही बोलावंसं वाटत नाही.

९. साध्या फोटोवरही तारीख हवी

मी दर फेरीची यादी ईबर्डवर भरते. भादलवाडीच्या तळ्यातल्या बाभळींवर चित्रबलाक काड्या नेताना पहिल्यांदा कधी दिसले, शेवटचा भोवत्या कधी दिसला, पहिला कोकीळ कधी ओरडला. मध्य आशियातून येणारे भोवत्ये मार्च-एप्रिलपर्यंत माळ सोडतात. ते कधी गेले हे कुणी लिहून ठेवत नाही, कारण आलेला पक्षी दिसतो आणि गेलेला दिसत नाही. त्यासाठी ‘आज दिसला नाही’ हेही टिपावं लागतं.

भिगवणला पट्टकादंबांचा थवा भेटला तर फोटो काढून झाल्यावर दुर्बिणीने एकेकाची मान बघावी. मंगोलियात शास्त्रज्ञांनी गळपट्ट्या बांधलेले पट्टकादंब भारतात दिसले आहेत. हिमालय ओलांडून आलेल्या त्या पक्ष्याच्या पट्टीवर अक्षर-अंक असतात. तिथे सुंदर पार्श्वभूमीचा विचार सोडून द्यावा, पक्षी बाजूने दिसेल असं थांबावं, मान वळली की पुन्हा काढावा, पट्टीची सगळी चिन्हं वाचता येतील इतके फोटो घ्यावेत. मग पट्टीचा रंग, त्यावरची चिन्हं, तारीख, वेळ आणि जागा लिहून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला पाठवावं. फेब्रुवारीत ही तपासणी रोज करावी, कारण मार्च लागला की हे थवे उत्तरेकडे निघायला लागतात.