महाराज आपल्या गावात आले होते का?

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. शिवचरित्राचं पुस्तक तिला जवळपास पाठ आहे. परवा तिनं विचारलं, "आई, महाराज आपल्या गावात आले होते का?" मला उत्तर देता आलं नाही. सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "एवढंसं आपलं खेडं, त्याला कसला इतिहास?" मारुतीच्या देवळामागे माणसं कोरलेले चार-पाच दगड पडून आहेत, तेवढंच काय ते जुनं. अशा गावाचा इतिहास मुलांना शिकवता येतो का? सुरुवात कुठून करायची?
– एक आई, माण तालुका, जि. सातारा

उत्तर : ताई, आधी लेकीला खरं ते सांगा : "मला माहीत नाही. आपण शोधू या." मग तिलाच विचारा, "महाराज आले होते, हे कळणार कशावरून?" ती म्हणेल, कुणीतरी लिहून ठेवलं असेल. कुणी? कधी? तेव्हाच लिहिलं, की शंभर वर्षांनी ऐकून लिहिलं? हा 'कशावरून' एकदा मुलाच्या जिभेवर बसला की इतिहासाची निम्मी शिकवणी झाली.

आपल्या शाळांत तिसरीला जिल्ह्याची ओळख असते, चौथीला शिवचरित्र. दोन्ही हवीतच. पण राज्यात चाळीस हजारांहून अधिक गावं आहेत. प्रत्येक गावाचा धडा एका पुस्तकात कसा मावणार? तो धडा गावानंच लिहायचा असतो आणि तुमच्या गावाकडे त्याची सामग्री आहे. तुम्ही स्वतःच ती पत्रात लिहून पाठवलीत.

देवळामागचे ते दगड बहुधा वीरगळ असावेत. लढाईत कामी आलेल्या माणसाचं स्मारक म्हणजे वीरगळ. त्यावर एकावर एक चौकटी असतात आणि त्या खालून वर वाचायच्या. खाली लढाई किंवा पडलेला वीर. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत. सगळ्यांत वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्याशी चंद्र-सूर्य : ते आहेत तोवर याची कीर्ती राहो, या अर्थानं. खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या दिसल्या, तर गावची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना हा माणूस गेला. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल, तर ती सतीशिळा. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना जा. सावल्या पडून कोरीवकाम उठून दिसतं. दगड साध्या पाण्यानं ओला केला तरी चालेल, पण तारेचा ब्रश, चुना, रंग लावू नका. मुलांना वहीत चित्र काढू द्या. चित्र काढताना जे नजरेस पडतं, ते फोटो काढताना निसटतं.

दुसरं साधन शाळेतच आहे : जनरल रजिस्टर. कित्येक गावांतल्या शाळांनी शंभरी ओलांडली आहे. मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळेत कधी आला, कधी सोडली, का सोडली, हे सगळं त्यात असतं. मुलींची नावं कोणत्या वर्षापासून दिसू लागली? शाळा सोडण्याचं कारण म्हणून काय लिहिलंय? फार जुनी पानं मोडीत असू शकतात. मग ही कोणती लिपी, ती कुठं गेली, असा नवाच धडा सुरू होतो. रजिस्टरात लोकांची खासगी माहिती, जातीचा रकानाही असतो, म्हणून ते मुलांच्या हाती सरसकट देऊ नये. मुख्याध्यापकांनी निवडक नोंदी उतरवून द्याव्यात. त्यातच एखाद्याला आपल्या पणजोबांचं नाव सापडलं, तर त्या पोराला इतिहास आवडतो का, हे विचारावं लागणार नाही.

तिसरं साधन सगळ्यांत मोलाचं, आणि ते दरवर्षी कमी होत चाललंय. ते म्हणजे गावातली म्हातारी माणसं. तुमच्या तालुक्यात १९७२च्या दुष्काळाची आठवण नसलेलं जुनं घर सापडणं अवघड. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभरात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. मुलांनी "दुष्काळाबद्दल सांगा" असं मोघम विचारू नये. "खडी फोडायला किती लांब जायचा? कामावर मिळणारी सुकडी कोण वाटायचं? मिलो ज्वारीची भाकरी कशी लागायची? बैल विकले का?" असं विचारावं. मग त्या वेळी खोदलेला पाझर तलाव पायी जाऊन बघावा. दोन आज्यांनी एकच गोष्ट वेगवेगळी सांगितली, तर उत्तमच. दोन्ही लिहून घ्यायच्या आणि फरक का पडला असेल, यावर वर्गात बोलायचं.

याच दुष्काळी कामांतून वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना राज्यभर रुजली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५च्या देशपातळीवरच्या कायद्याला तिनं वाट दाखवली. गावातल्या आजीच्या हातावरचे घट्टे राज्याच्या आणि देशाच्या इतिहासाला असे जाऊन भिडतात. मुलाला हा धागा सापडला की राज्याचा इतिहास दूरचा वाटत नाही.

एक काळजी मात्र घ्या. शोधायला निघालात की भुयार, पुरलेला हंडा, पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं देऊळ अशा गोष्टी कानावर येतीलच. त्या हसण्यावारी नेऊ नका, पुसूही नका. वहीत दोन रकाने आखा : 'असं सांगतात' आणि 'असा पुरावा आहे'. गोष्ट कोणत्या रकान्यात जाते, ते मुलांनी ठरवावं, आणि नवा पुरावा मिळाला तर रकाना बदलावा. शिवरायांविषयीची प्रत्येक ऐकीव गोष्टही याच वहीत, याच नियमानं. ज्यांच्यावर आपला जीव आहे, त्यांच्याबद्दल तर खरंच तेवढं बोलावं.

इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडले. १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड निघू लागले, ते घराघरांतल्या माळ्यांवर आणि पेट्यांत पडलेल्या कागदांच्या बळावर. तिथंही सुरुवात 'तुमच्याकडे काही जुनं आहे का?' यानंच होत असणार. तुमची लेक तेच विचारते आहे.

महाराज गावात आल्याचा पुरावा कदाचित मिळणार नाही. पण असे बरेचसे वीरगळ शिलाहार-यादवांच्या काळातले, महाराजांच्याही तीन-चारशे वर्षं आधीचे असतात. तुमचे तसे निघाले, तर लेकीला कळेल की महाराज जन्मले तेव्हाच आपलं गाव जुनं होतं. येत्या रविवारी उन्हं कलल्यावर तिला देवळामागे घेऊन जा. सासऱ्यांनाही सोबत न्या. नातीला तो दगड खालून वर वाचून दाखवू दे, आणि मग तिथंच बसून तिला विचारू दे, "आजोबा, बहात्तर साली तुम्ही केवढे होता?"