ती लाकडं जाळू नकोस

वाई, १० मे

चि. बाळू यास,


काल रात्री ताईचा फोन आला होता. ठेवता ठेवता म्हणाली, बाळू मागचा लाकडी डेक स्वतःच्या हातानं उखडतोय, तिथे दगडी अंगण करणार आहे, आणि शनिवारी त्याच फळ्यांची शेकोटी करून मुलांना कणसं भाजून देणार आहे. ती कौतुकानं सांगत होती. माझी झोप उडाली. फोनवर तू नुसता 'हो मामा, हो मामा' करतोस, म्हणून कागदावर लिहितोय. पोस्टानं पोचेपर्यंत शनिवार उलटून जाईल, तेव्हा याचा फोटो काढून पाठवतो. शेवटपर्यंत वाच.

त्यातली एकही फळी जाळायची नाही.

घर १९९४ चं, डेकही तेव्हाचाच, हे तूच मला गेल्या वर्षी त्या डेकवर चहा पिताना सांगितलंस. तुमच्याकडे अमेरिकेत २००३ संपेपर्यंत अशा लाकडाला वाळवी-बुरशी लागू नये म्हणून क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं द्रावण दाबानं आत मुरवत असत. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. लाकूड करडं पडलं म्हणून तो निघून जात नाही. जाळलं की थोडा धुरात जातो, बाकीचा राखेत राहतो. त्या धुरावर पोरांची कणसं भाजणार तू? इतका शिकलेला, आणि हे मी सांगायचं? ते लाकूड कुठे टाकायचं ते टाऊनशिपला विचार. तोडताना भुसा नाकात जाऊ देऊ नकोस, मुलांना जवळ फिरकू देऊ नकोस.

दगड बसवतोस याला माझी ना नाही. दर दोन वर्षांनी डेक घासायचा, रंगवायचा, तरी फळी कुजायची ती कुजतेच. दुसऱ्या पायरीत माझा पाय गेला होता ना? दगडाला तेवढं करावं लागत नाही, पण तळ नीट हवा. खणण्याआधी ८११ ला फोन कर. गॅसची नळी, विजेची तार कुठून गेली आहे ते फुकट आखून देतात. आठ-नऊ इंच खण. न्यू जर्सीची माती थंडीत गोठून फुगते, म्हणून खाली सहा इंच खडी घाल. ती एकदम ओतायची नाही. दोन-तीन इंचांचा थर, त्यावर धुमस, मग पुढचा थर. धुमशीचा आवाज बद्द येतो तोवर ठोकत राहायचं, टणक आला की थांबायचं. वर इंचभर वाळू, आणि घरापासून बाहेर फुटाला पाव इंच उतार. डेक भिंतीला जिथे बोल्टनं जोडला होता तिथे लाकूड कुजलंय का ते आधी बघ, भोकं बुजव.

आता दगड कापायचं. तू म्हणालास पेनसिल्व्हेनियाचा निळसर दगड आणतोय. तो वालुकाश्म आहे, बाळू. कोरडा कापायचा नाही. पात्यावर पाण्याची धार हवी आणि तोंडावर घट्ट बसणारा मास्क हवा.

हे मी कुणाला बोललेलो नाही. १९८६ साली पुण्यात एका बंगल्याच्या कामावर मी सुपरवायझर होतो. धोलपुरी दगड होता. मालकांच्या वास्तुशांतीची तारीख ठरलेली, आणि पाण्याचा टँकर दोन-दोन दिवस यायचा नाही. मी मिस्त्रीला म्हणालो, सुकाच काप, नाकाला फडकं बांध. संध्याकाळी त्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या असत. चूळ भरली की पाणी तांबूस यायचं. ती धूळ फडक्यातून आरपार जाते आणि फुफ्फुसात बसते, ती निघत नाही. त्यानं आधीही दगड कापले होते, नंतरही कापले. पण ते पाच आठवडे माझ्या शब्दावर. काही वर्षांनी भेटायला गेलो तर भिंतीला पाठ टेकून बसला होता, वाक्य पुरं करायला दोनदा थांबत होता. मला चहा दिला. एका शब्दानं बोल लावला नाही.

म्हणून धूर म्हटलं, धूळ म्हटलं की माझा जीव गोळा होतो. जास्त बोललो असेन, मनाला लावून घेऊ नकोस. स्वतःच्या हातानं अंगण करावंसं तुला वाटलं, ते मला फार आवडलं. सहा वर्षांचा असताना मे महिन्यात इथे आपण शहाबादी फरशी बसवली, तेव्हा तुला मी बाभळीची छोटी धुमस करून दिली होती. जेवायलाही ती हातातून सोडत नव्हतास. ती माळ्यावर आहे. काल काढली, पुसली. ताई जूनमध्ये येतेय, तिच्याबरोबर तुझ्या चिंगीसाठी पाठवतो.

कणसं कोळशावर भाज. शनिवारी फळ्या जाळल्या नाहीत एवढं फोन करून सांग, कितीही वाजलेले असोत. मी जागाच असेन.

तुझा,
मामा