सोऱ्याचें खत आणि उष्णता

हापूसच्या बागाइतदारांच्या घरीं हल्लीं सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, दरसाल येतो. फळें वाटाण्याएवढीं, गोटीएवढीं व अंड्याएवढीं असतांना त्याच्या एक टक्का द्रावणाची, म्हणजे शंभर लिटर पाण्यांत एक किलो ह्या प्रमाणानें, फवारणी करावी, अशी दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाची शिफारस आहे. मोहोरावरील भुरीसाठीं गंधकही आणलेलें असतें. मालवण-देवगडकडे हे दोन्ही जिन्नस पुष्कळदां एकाच मांगरांत, सोडणें, झावळ्या व पेंढा ह्यांच्या शेजारीं पडून राहतात. ह्या शेजारांत धोका कोणता, तें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लांकूड जळण्यास हवेंतील प्राणवायु लागतो. हवा कोंडली म्हणजे आग विझते, हा सर्वांचा अनुभव आहे. सोरा स्वतः जळत नाहीं, परंतु त्याच्या घटनेंतच प्राणवायु बांधलेला असतो. ३३४ अंश सेंटिग्रेडला तो वितळतो आणि ४०० अंशांच्या पुढें त्याचें विघटन होऊन प्राणवायु सुटूं लागतो; मागें पोटॅशियम नायट्राइट उरतें. पेटलेल्या मांगरांत इतकी उष्णता सहज होते. मग जवळच्या पेंढ्यास हवेची गरज उरत नाहीं. बंदुकीची दारू सोरा, गंधक व कोळसा ह्यांचीच होते, हें लक्षांत घेतल्यास शेजाराचा अर्थ सहज कळेल.

अमोनियम नायट्रेट ह्याहून उग्र आहे. तें सुमारें १७० अंशांस वितळतें व २०० अंशांच्या पुढें त्यापासून नायट्रस ऑक्साइड वायु व पाण्याची वाफ निघते. ह्या क्रियेंत उष्णताही उत्पन्न होते. तिला बाहेर जाण्यास वाट नसली, तर तीच उरलेल्या खतास तापविते, विघटनाचा वेग वाढतो आणि शेवटीं स्फोट होऊं शकतो. १६ एप्रिल १९४७ रोजीं अमेरिकेंतील टेक्सास सिटी बंदरांत ह्या खतानें भरलेल्या ग्रँडकँप जहाजास आग लागली. झांकणें बंद करून आंत वाफ सोडण्यांत आली. पण आग विझली नाहीं, जहाजच उडालें व सुमारें ५८० माणसें मेलीं. ४ ऑगस्ट २०२० रोजीं बैरुत बंदरांत २,७५० टन सांठ्याचा असाच स्फोट झाला. आपल्या देशांत २०१२ च्या नियमांनीं ह्या पदार्थाची निर्मिती, सांठवण व विक्री परवान्याखालीं आणिली आहे. युरियाची गोष्ट वेगळी. तो तापला असतां अमोनिया सुटतो, प्राणवायु नव्हे.

शेजाराचा धडा मुंबईनेंही घेतला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींतील फोर्ट स्टिकीन जहाजांत कापसाच्या गांसड्या व स्फोटक द्रव्यें एकत्र भरलेलीं होतीं. दुपारीं आग लागली. चारनंतर दोन स्फोट झाले व शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं.

आतां आपल्या कोठीविषयीं :

(१) सोरा व गंधक निरनिराळ्या खोल्यांत ठेवावें. रॉकेल, डिझेल, पेंढा व सोडणें सोऱ्यापासून दूर असावीं.

(२) सांडलेला सोरा लगेच झाडून काढावा. सोरा मुरलेलें गोणपाट व फळी साध्या लांकडाहून जोरानें पेटतात.

(३) पावसाळी हवेनें खताचे गठ्ठे झाल्यास ते चुलीजवळ वाळवूं नयेत. लांकडी मोगरीनें हलके फोडावे.

(४) मांगरांत विडी ओढूं नये, वारा खेळूं द्यावा.

(५) सोऱ्याजवळ आग लागल्यास वाळू वा गोणपाट टाकून ती कोंडण्यांत अर्थ नाहीं, कारण प्राणवायु आंतच आहे. आरंभींच दुरून भरपूर पाणी मारावें. तांबूस धूर विषारी असतो, त्यांत शिरूं नये. आग वाढल्यास माणसें व गुरें दूर न्यावीं आणि अग्निशामक दलास बोलवावें.

सोऱ्यासाठीं वेगळी, कोरडी खोली राखण्यास फारसा खर्च नाहीं. येत्या मोहोरापूर्वीं प्रत्येक बागाइतदारानें आपला मांगर एकदां ह्या दृष्टीनें तपासावा, अशी आमची विनंति आहे.