‘हॅव’ हे क्रियापद आणि मराठी विद्यार्थी

इंग्रजीतील ‘हॅव’ हे क्रियापद दिसण्यास लहान, परंतु मराठी मुलास फार जड जाते. मालकी दर्शविणारे स्वतंत्र क्रियापद मराठीत नाही, हे याचे मूळ होय. ते काम मराठी ‘असणे’ या क्रियापदाकडून करून घेते आणि भेद विभक्तीने व शब्दयोगी अव्ययांनी दाखविते. मला दोन भाऊ आहेत, पाटलांकडे बैलजोडी आहे, गुरुजींजवळ खडू आहे, गाईला चार पाय आहेत; या सर्व ठिकाणी इंग्रजीत एकच ‘हॅव’ अथवा ‘हॅज’ येते.

‘रामाला तीन बहिणी आहेत’ या वाक्याचे भाषांतर मुले ‘राम हॅव थ्री सिस्टर्स’ असे करतात, आणि निष्काळजीपणा समजून त्याखाली लाल रेघ ओढली जाते. वस्तुतः मराठी वाक्यात ‘बहिणी’ हा कर्ता असून ‘आहेत’ हे क्रियापद त्याच्या वचनाप्रमाणे चालते. मुलगा तोच नियम प्रामाणिकपणे इंग्रजीत नेतो. ‘आय हॅज अ सिस्टर’ ही चूकही याच वाटेने येते. इंग्रजीत कर्ता राम, बहिणी हे कर्म. हे उमगल्यावाचून ‘ही, शी, इट यांना हॅज’ असे कितीही घोकले तरी उपयोग थोडाच. यास्तव ‘बहिणी कोणाला?’ असे विचारून ते नाव आधी लिहवून घ्यावे, मग क्रियापदाकडे वळावे. सन २००० पासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासूनच आल्यामुळे कर्ता-कर्म हे शब्द कळण्यापूर्वीच हा गोंधळ सुरू होतो. तेथे परिभाषेपेक्षा असा प्रश्नच बरा.

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे तर मोठ्यांच्या तोंडीही ऐकू येते. भाऊ असणे ही स्थिती आहे, चालू क्रिया नव्हे. जेवण मात्र क्रिया आहे. म्हणून ‘ही इज हॅविंग हिज मील’ शुद्ध.

‘मी त्याला काल पाहिले आहे’ हे मराठीत खपते. इंग्रजीत ‘काल’ आला की ‘हॅव सीन’ जाऊन ‘सॉ’ येते. ‘हॅव टू’चा अर्थ ‘लागणे’: ‘आय हॅव टू गो’, मला जावे लागते.

आणखी एक प्रयोग वरच्या वर्गांसाठी. ‘मी काल केस कापले’ म्हणणारा मराठी माणूस बहुधा न्हाव्यापुढे बसलेला असतो. त्याने ‘आय कट माय हेअर’ म्हटले, तर इंग्रज श्रोत्यास कात्री त्याच्याच हाती होती असे वाटेल. तेथे ‘आय हॅड माय हेअर कट’, म्हणजे केस कापून घेतले, असे म्हणावे लागते.