आधी मनगटाला विचार

अगं, परवा फोनवर किती खुशीत होतीस! पहिला बोनस हातात आला आणि मॉलमधल्या मुलीने कागदाच्या पट्टीवर तो चहाच्या वासाचा परफ्यूम मारून तुझ्यापुढे धरला. ‘ताई, महाग आहे गं, पण घेऊ का?’ असं तू विचारलंस आणि मी ऑफिसच्या गडबडीत ‘बघू’ म्हणून फोन ठेवला. ते मनाला लागून राहिलं. आज निवांत बोलते.

घेऊ नकोस असं मी मुळीच म्हणणार नाही. स्वतःच्या कमाईतून स्वतःसाठी एखादी चैनीची वस्तू घ्यावी, त्यात चोरी कसली? फक्त त्या पट्टीवर भुलू नकोस. कागदाला ना ऊब, ना घाम. परफ्यूम राहणार आहे तुझ्या अंगावर.

आणि एक मनात पक्कं कर. आपल्या ओट्यावर आलं ठेचून, गवती चहाची पात टाकून उकळतो ना, तो वास त्या बाटलीत शोधलास तर हिरमुसशील. चहाच्या परफ्यूमचा हा प्रकार रुजवला झाँ-क्लोद एलेना या फ्रेंच परफ्यूमरने. पॅरिसमधल्या ‘मारियाज फ्रेर’ या चहाच्या दुकानातल्या डब्यांच्या वासाने त्याला भुरळ घातली आणि १९९२ साली बुल्गारीसाठी त्याने हिरव्या चहाचा परफ्यूम घडवला. त्यातला चहा उभा राहतो तो मुख्यतः दोन द्रव्यांवर. एक हेडिओन, जाईच्या वासासारखं हलकं, हवेशीर. दुसरं आयोनोन, व्हायोलेटच्या फुलांच्या वासाचं. दोन्ही नेमक्या प्रमाणात भेटली की नाक म्हणतं, चहा! मला यात फसवणूक वाटत नाही, कारागिरी वाटते. पैसे मोजायचे ते या कारागिरीचे.

पण म्हणूनच मैत्रिणीच्या शब्दावर असा परफ्यूम घेऊ नये. आयोनोनचा बीटा-आयोनोन हा प्रकार काही जणांना फुलासारखा गोड लागतो आणि काही जणांना आंबूस, नकोसा. हा फरक जन्मजात असतो, वास ओळखणाऱ्या एका जनुकातला. त्यामुळे एकाच बाटलीबद्दल दोघी वेगळं बोलल्या तरी दोघीही खऱ्या. शिवाय आयोनोनला नाक लवकर सरावतं. वास उडाला असं वाटतं आणि थोड्या वेळाने तो परत येतो. म्हणून घाईने पुन्हा फवारू नकोस. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला विचार, तिला येत असेल.

तू फोनवर सांगितलेला, ल लाबो या ब्रँडचा ‘ते नुआर २९’ काळ्या चहाचा आहे. त्यात चहाच्या जोडीला अंजीर, सीडरचं लाकूड, वाळलेलं गवत आणि आपला वाळा आहे. उन्हाळ्यात आई माठात वाळ्याची जुडी सोडायची, तो ओल्या मुळांचा वास आठव. तो आवडत असेल तर या परफ्यूमचा शेवटही तुला आवडण्याची शक्यता आहे. हिरव्या चहाचे परफ्यूम बहुधा हलके असतात, दोन-तीन तासांत विरतात. आपल्या दमट हवेत ते छान वाटतात, पण दिवसभर टिकतील ही अपेक्षा ठेवू नये.

आता माझं ऐकशील? शनिवारी सकाळी जा. त्या दिवशी अंगाला टाल्कम पावडर नको, केसांना वासाचं तेल नको. डाव्या मनगटावर एकच फवारा मार. मनगटं एकमेकांवर घासू नकोस, वास आपसूक उलगडू दे. आणि लगेच दुकानातून बाहेर पड. काउंटरवरची मुलगी सवलतीचं सांगेल, गोड बोलेल, ते तिचं काम आहे. तू ‘विचार करून येते’ म्हण आणि नीघ. पाच मिनिटांनी वास घे, मग तासाभराने, मग जेवणानंतर, मग संध्याकाळी. दर वेळी मोबाइलमध्ये एक ओळ लिही. पहिल्या पाच मिनिटांत लिंबाच्या जातीचा टवटवीतपणाच जास्त असतो आणि दुकानात आपण बहुतेकदा त्यालाच भुलतो. खरा सहवास चौथ्या-पाचव्या तासाला जे उरतं त्याचा.

हे मी पैसे घालवून शिकले गं. एकदा विमानतळावरच्या दुकानात, गेट बंद व्हायच्या धावपळीत एक भारी बाटली घेतली. पहिला श्वास स्वर्गीय होता. घरी पोचेपर्यंत मात्र उग्र गोड वास तेवढा उरला आणि कपाळ ठणकायला लागलं. ती बाटली अजून जवळजवळ भरलेली आहे. कपाट उघडलं की दिसते आणि वाईट वाटतं, कारण ते पैसे मी महिनोन् महिने साठवले होते. तुझ्या पहिल्या बोनसचं तसं व्हायला नको.

पसंत पडलाच तर आधी सगळ्यात लहान बाटली घे, किंवा नमुन्याची कुपी मिळते का विचार. बाथरूममध्ये ठेवू नकोस, खिडकीतही नको. ऊन आणि वाफ दोन्ही परफ्यूमला मारक. कपाटात, खोक्यातच राहू दे.

तर शनिवारी रात्री मला फोन कर. दुकानदार काय म्हणाला, मैत्रीण काय म्हणाली, ते नको. दिवसभर बाहेर फिरून घरी आल्यावर, चपला काढून बसलीस की मनगट नाकाशी धर आणि तिथे काय उरलंय तेवढं सांग. ते सांगताना तुझा आवाज परवासारखाच खुशीत असेल, तर मी स्वतः म्हणेन, घे.